तुमच्या तक्त्यात मधली सीट कुठेय?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे अडतीस वर्षांचे, घरात बायको, साडेपाच वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई. अकरा वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक आता बदलायची आहे. मुलाला उंच गाडीत बसलं की गाडी लागते म्हणून सेडानच घ्यायची हे ठरलंय, पण टोयोटा कॅमरी की होंडा ॲकॉर्ड यावर पाच महिने झाले गाडं अडलंय. मोठा भाऊ सतरा वर्षं एकच जुनी कॅमरी चालवतोय आणि दुसरं काही ऐकूनच घेत नाही, ऑफिसमधला मित्र म्हणतो चालवायची मजा हवी असेल तर ॲकॉर्ड. बायको एकदाच शोरूममधे आली, दोन्हीत बसली आणि म्हणाली "ॲकॉर्ड बरी वाटतेय." ते लिहितात, "तिला दिसायला आवडली असणार, तिने आकडे काही बघितले नाहीत." सोबत त्रेचाळीस रकान्यांचा एक्सेल तक्ता जोडलाय, त्यात कॅमरीला ८२ गुण आणि ॲकॉर्डला ८१.५. डिकीचं वजन थोडं वाढवलं की निकाल उलटा होतो. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "तोपर्यंत जुन्या गाडीवर भागतंय, मागचा डावीकडचा बेल्ट नीट लॉक होत नाही म्हणून मुलाला उजवीकडे बसवतो आणि मुलीची सीट मधे बांधतो." प्रश्न एवढाच की दोन्हीतली चांगली गाडी कोणती, आयुष्यात एकदाच होणारी खरेदी आहे, चूक परवडणार नाही.

---

सगळ्यात आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलूया, कारण तुमचं पूर्ण पत्र वाचताना मी तिथेच थांबले आणि परत परत तीच वाचली. तो बेल्ट या आठवड्यात दुरुस्त करून घ्या. नवी गाडी कोणतीही घ्या, कधीही घ्या, हा बेल्ट तोवर थांबू शकत नाही. लॉक न होणारा बेल्ट म्हणजे ती सीट बाद एवढंच नाही, त्या एका सीटमुळे तुम्ही मुलीची सीट मधे हलवलीत, आणि मधल्या जागेवर मुलांची सीट बांधायला गाडीचं मॅन्युअल आणि सीटचं मॅन्युअल दोन्ही परवानगी देतात का हे बघावं लागतं, कित्येक छोट्या गाड्यांत मधला बेल्ट नुसता कमरेचा असतो आणि तिथे बऱ्याचशा सीट चालतच नाहीत. बांधलेली सीट बेल्ट जातो तिथे धरून जोरात हलवा, इंचभरापेक्षा जास्त सरकली तर ती बांधलेली नाही असं समजा. आणि जागा नाही म्हणून मागे तोंड करून बसायची बाळाची सीट पुढे ठेवायचा मोह कधी झाला तर, समोर एअरबॅग चालू असताना ते अजिबात करायचं नाही. पाच महिने तुम्ही दोन नव्या गाड्यांची सुरक्षा रेटिंग लावून बघताय आणि मुलं रोज मात्र जुन्या गाडीतच बसून जातायत. हे बोल लावायला म्हणत नाहीये, काळजी वाटली म्हणून म्हणतेय.

आता तुमचा प्रश्न.

तुम्ही विचारलंय दोन्हीतली चांगली कोणती, पण मला वाटतं याचं उत्तर तुमच्या तक्त्याने केव्हाच दिलंय. ८२ आणि ८१.५, म्हणजे दोन्ही सारख्याच चांगल्या आहेत, आणि तुम्ही मात्र त्या अर्ध्या गुणाला निकाल मानून पाच महिने त्याच्याशी झटताय. ॲकॉर्ड १९७६ साली हॅचबॅक म्हणून आली आणि पुढच्याच वर्षी तिची सेडान आली, कॅमरी १९८२ पासून आहे, म्हणजे या दोघी चाळीसहून जास्त वर्षं एकमेकींकडे बघत बघत घडल्यात, एकीने काही चांगलं केलं की पुढच्या पिढीत दुसरीकडे ते येतंच. अशा दोन गाड्यांत एक चुकीची निघेल ही भीती मनातून काढून टाका. चूक होऊच शकत नाही असं नाही म्हणत मी, पण ती गाडी निवडण्यात होणार नाही, ती व्हेरियंट निवडण्यात होईल नाहीतर घरातल्या कुणाला न विचारण्यात होईल. आणि मला वाटतं दोन्ही ठिकाणी तुम्ही तिच्या बऱ्यापैकी जवळ पोचलायत.

व्हेरियंटचं आधी सांगते. तुमच्या तक्त्यात कॅमरीचं मायलेज लिटरला २१.७ लिहिलंय आणि चार ओळी खाली तिची चाकं एकोणीस इंची लिहून "लूक"ला पूर्ण गुण दिलेत. अशी कॅमरी कंपनी बनवतच नाही! २१.७ हा आकडा अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत सगळ्यात खालच्या, सोळा इंची चाकांच्या व्हेरियंटला मिळालाय, एकोणीस इंची चाकं वरच्या स्पोर्टी व्हेरियंटला येतात आणि त्याचं मायलेज त्याच चाचणीत विसाच्या आसपास आहे, फोर व्हील ड्राइव्ह घेतली तर आणखी खाली. ॲकॉर्ड हायब्रिडचं (म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं) पण तेच, सतरा इंची चाकांच्या व्हेरियंटला साधारण २०.४ आणि एकोणीस इंचीला १८.७. तुम्ही नकळत एका व्हेरियंटचं मायलेज, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची गरम होणारी सीट असं जोडून दोन अशा गाड्या तयार केल्यात ज्या शोरूममधे उभ्याच नाहीयेत, आणि मग त्यांची तुलना केलीत. निकाल हलत राहतो त्याचं एक कारण हे आहे. हे तुमच्या एकट्याचं नाहीये बरं, व्हिडिओत गाडी दाखवतात ती नेहमी टॉपची असते आणि जाहिरातीत मायलेज लिहितात ते नेहमी बेसचं असतं, दोन्ही डोक्यात आपोआप एकत्र होतं.

आता या मायलेजचं खरंच काय होतं ते बघा. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरलं तर २१.७ ला ६९१ लिटर पेट्रोल, २०.४ ला ७३५ लिटर. फरक ४४ लिटर. दोन्ही हायब्रिडची टाकी साधारण ४९ लिटरची आहे, म्हणजे वर्षभर गाडी चालवून फरक एका टाकीचासुद्धा नाही. पण तीच ॲकॉर्ड एकोणीस इंची चाकांची घेतली तर ८०२ लिटर, म्हणजे ॲकॉर्ड आणि ॲकॉर्डमधला फरक हा कॅमरी आणि ॲकॉर्डमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. तुम्ही मायलेजला तक्त्यात सगळ्यात जास्त वजन दिलंय, दोन गाड्यांच्या मधे, आणि व्हेरियंटचा साधा रकानासुद्धा केलेला नाही.

चाकांवर अजून थोडं बोलते कारण याच्याकडे कुणी बघत नाही आणि ते रोज अंगाला जाणवतं. शोरूममधे गेलात की गाडीशेजारी खाली बसा आणि टायरची भिंत बघा, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जे रबर दिसतं ते. सोळा इंची कॅमरीवर टायर २०५/६५ चा असतो (रुंदी २०५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ६५ टक्के), म्हणजे भिंत १३३ मिलिमीटर, पूर्ण पंजा आडवा ठेवला तरी वर जागा उरते. एकोणीस इंचीवर २३५/४०, भिंत ९४ मिलिमीटर, चार बोटं ठेवली की संपलं. हे चार सेंटीमीटर रबर आणि हवा म्हणजे तुमच्या आईच्या गुडघ्यांची आणि कमरेची गादी आहे. खड्ड्यात गेल्यावर रिम वाकायची भीती, टायर बदलायचा खर्च, रस्त्याचा आवाज, सगळं त्या चार सेंटीमीटरवर आहे. मोठी चाकं दिसतात छान, मला पण आवडतात, पण घरात दुखरे गुडघे आणि गाडी लागणारं मूल असताना मी छोट्या चाकांचाच व्हेरियंट घेईन, दोन्हीपैकी कोणत्याही गाडीचा, आणि यात मला शंका नाही.

आता माणसांकडे येऊया, कारण मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय.

तुम्ही पाच जण आहात. त्रेचाळीस रकान्यांत कुठेही हे लिहिलेलं नाही की कोण कुठे बसणार. मी कागदावर चौकोन काढून बघितलं, तुम्ही पण काढा. मुलगी मागे तोंड करून बसायच्या सीटवर, मुलगा त्याच्या सीटवर, दोघं खिडकीला कारण सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक सहसा बाजूच्या दोन जागांनाच असतात. तुम्ही चालवताय. आई गुडघ्यांमुळे पुढे बसणार, तिला मधे बसवणं शक्यच नाही. राहिली कोण? तुमची बायको. ती दोन मुलांच्या सीटच्या मधे, खाली मधला उंचवटा, पाय दोन्हीकडे वळवून, प्रत्येक लांबच्या प्रवासाला बसणार. आणि रोजचं? तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय की मुलांना सोडणं-आणणं, आईला फिजिओथेरपीला नेणं ती करते, तुम्ही ऑफिसला ट्रेनने जाता. म्हणजे ही गाडी आठवड्यातले पाच-सहा दिवस ती चालवणार आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती सगळ्यात वाईट सीटवर बसणार आहे. आणि तिने दोन्हीत बसून बघून जे सांगितलं त्याला तुम्ही "दिसायला आवडली असणार" म्हणून शून्य गुण दिलेत.

तुम्ही तिला विचारलंत का की बरी म्हणजे काय बरी? मला तुमच्या पत्रात ते सापडलं नाही. कदाचित तिला खरंच रंग आवडला असेल, असू दे, तोही मुद्दा आहे. पण कदाचित तिला पुढचं दिसलं असेल नीट. तुम्ही सहा फूट आणि ती पाच फूट एक असं लिहिलंय तुम्ही सीटच्या रकान्यात, तर तुम्हाला जी गाडी मोकळी वाटते तिच्यात तिला बॉनेटची कड दिसते का, काचेच्या बाजूच्या खांबाआड वळणावर माणूस लपतो का, ब्रेकपर्यंत पाय नीट पोचेल इतकी सीट पुढे घेतल्यावर स्टिअरिंग छातीच्या फार जवळ येतं का, हे तिलाच कळणार. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात सांगितलेलं की हेडरेस्ट एवढं पुढे झुकलेलं आहे की केसांचा अंबाडा घातला की मान खालीच राहते, रोज गाडीत बसताना केस सोडायचे आणि उतरताना परत बांधायचे. कोणत्याही तक्त्यात हे येत नाही. नवऱ्याने टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, त्यांनी नाही.

मागच्या जागेचं गणितही मला तुमच्यापेक्षा वेगळं दिसतंय. तुम्ही लिहिलंय की ॲकॉर्डला मागे पायांना १०३६ मिलिमीटर आणि कॅमरीला ९६५, पण "मुलं लहान आहेत, त्यांना पाय पसरायला कशाला जागा" म्हणून त्या रकान्याला वजन कमी. पण मागे तोंड करून बसायची सीट तिरकी असते आणि तिची पाठ पुढच्या सीटला टेकते. जागा कमी पडली की पुढची सीट पुढे सरकवावी लागते. त्या पुढच्या सीटवर कोण आहे? आई. म्हणजे मागचे ते सात सेंटीमीटर मुलीच्या पायांसाठी नाहीयेत, ते आईचे गुडघे डॅशबोर्डला लागू नयेत म्हणून आहेत. हा रकाना तुमच्या घरासाठी पहिल्या तीनात असायला हवा होता. अर्थात कागदावरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका, पुढची सीट कुठे ठेवून मोजलंय त्यावर तो बदलतो, म्हणून खरी मुलीची सीट घेऊन जा आणि बांधून बघा. एक सोय अशीही आहे की मुलीची सीट ड्रायव्हरच्या मागे लावायची, बायको चालवते तेव्हा तिची सीट तशीही पुढे असते, तिथे भरपूर जागा होईल, पण सुट्टीला तुम्ही सहा फुटी माणूस बसलात की तिथे अडेल. दोन्ही बाजूंना लावून बघा, दोघांनी चालवायला बसून बघा, दहा मिनिटांत कळेल. हेही बघा की मुलाची सीट बांधल्यावर मधे बसलेल्या माणसाला स्वतःचा बेल्ट लावता येतो का, बक्कल सीटखाली दबतं बऱ्याचदा आणि मग हात अडकवून शोधत बसावं लागतं.

आईंसाठी मला थोडी काळजी वाटते. दोन्ही सेडान आहेत, दोन्हीची उंची १४५० मिलिमीटरच्या आसपास, दोन्हीत बसायला खाली जावं लागतं. आणि गुडघेदुखीवाल्यांना बसण्यापेक्षा उठणं जड जातं, शोरूममधे मात्र सगळे फक्त बसवून बघतात. आईंना घेऊन जा, आधी बूड टेकवून मग पाय आत घ्यायला सांगा, दहा मिनिटं बसू द्या म्हणजे गुडघे आखडतील, आणि मग हात न देता उतरायला सांगा. दार किती उघडतं, धरायला हँडल कुठे आहे, पुढच्या बाजूच्या सीटला उंची वरखाली करायची सोय आहे का (हे व्हेरियंटनुसार बदलतं, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही). आणि जर दोन्ही गाड्यांतून त्या उतरू शकल्या नाहीत तर मग प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल की प्रश्न कॅमरी की ॲकॉर्ड हा नव्हताच. मुलाला उंच गाडीत त्रास होतो हे खरं, पण तो कोणत्या गाडीत, कुठल्या सीटवर, खाली पुस्तकात बघत असताना झाला का, हे परत एकदा तपासून बघा. बऱ्याच मुलांना समोरचा रस्ता दिसला की त्रास कमी होतो, गाडीच्या उंचीपेक्षा चालवण्याच्या पद्धतीचाही त्यात हात असतो. मी सेडान घेऊ नका म्हणत नाहीये, पण आईंचं उतरणं हे मी सगळ्यात वर ठेवीन.

भावाचं मत. सतरा वर्षं गाडी चालली यात गाडीचं श्रेय आहेच आणि भावाचंही आहे, कारण मला खात्री आहे की तो ऑइल वेळेवर बदलणारा माणूस असणार. पण त्याची कॅमरी आणि तुम्ही बघताय ती कॅमरी यांच्यात नाव आणि लोगो सोडला तर फारसं काही सारखं नाही, २०२५ च्या मॉडेलपासून तर अमेरिकेतली कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते, अडीच लिटरचं इंजिन आणि त्यासोबत मोटर. ॲकॉर्डमधे दीड लिटर टर्बो आणि दोन लिटर हायब्रिड असे दोन पर्याय आहेत, तुमच्या तक्त्यात कुठे एकाचे आकडे आहेत कुठे दुसऱ्याचे, तेही एकदा बघून घ्या. भावाच्या अनुभवाला मान द्या, त्याच्याकडून सर्व्हिसचं कसं बघायचं ते शिकून घ्या, जवळचं सर्व्हिस सेंटर कोणतं चांगलं आहे हे तो सांगेल ते सोन्यासारखं आहे, पण मत म्हणून ते एका जुन्या गाडीबद्दलचं मत आहे.

मित्राचं "चालवायची मजा" हेही पूर्ण खोटं नाही. दोन्ही हायब्रिड चालतात वेगळ्या पद्धतीने. ॲकॉर्डमधे शहरात बहुतेक वेळ चाकं मोटरच फिरवते, इंजिन वीज तयार करायला चालू होतं, आणि हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. कॅमरीत इंजिन आणि मोटर एका ग्रहमाला गिअरसेटने (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाकं ग्रहांसारखी फिरतात तो) एकत्र काम करतात, टोयोटाने ही कल्पना १९९७ च्या प्रियसपासून वापरलीय. दोन्हीत नेहमीसारखे गिअर बदलत नाहीत, म्हणून चढाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज एकदम वर जाऊन तिथेच टिकून राहतो, पहिल्यांदा चालवणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. तो आवाज कोणत्या गाडीत तुम्हाला कमी खटकतो हे चढावर नेल्याशिवाय कळणार नाही. ब्रेकचंही तसंच, हायब्रिडमधे ब्रेक दाबल्यावर आधी मोटर वेग कमी करते आणि मग खरा ब्रेक लागतो, हळू थांबताना ते गुळगुळीत होतं की झटका बसतो हे बघा, गाडी लागणाऱ्या मुलासाठी हा मुद्दा मजेपेक्षा मोठा आहे. आणि हो, कोणतीही घेतलीत तरी बॅटरीच्या पंख्याला हवा घ्यायची जाळी कुठे आहे ते विचारून ठेवा, ती सहसा मागच्या सीटपाशी असते, मुलांच्या पिशव्या आणि पांघरुणं नेमकी तिथेच टाकली जातात आणि ती झाकली गेली तर बॅटरी तापते.

सुरक्षेच्या रकान्यात तुम्ही दोन्हींना पाच तारे म्हणून सारखे गुण देऊन पुढे गेलात, तिथे थोडं थांबा. तुमची तीन माणसं मागे बसणार आहेत आणि समोरून धडकेच्या चाचण्यांत बरीच वर्षं मुख्य लक्ष पुढच्या दोघांवरच असायचं. अमेरिकेतली आयआयएचएस नावाची विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे, तिने २०२२ मधे समोरून धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरच्या मागेही पुतळा बसवायला सुरुवात केली, लहान चणीच्या बाईएवढा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा, ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेत. २०२३ मधे याच आकाराच्या सात गाड्या तपासल्या तेव्हा त्यात ॲकॉर्ड एकटीच "चांगली" ठरली, तेव्हाची कॅमरी मागे पडली होती. पण ती कॅमरीची आधीची पिढी, आता पिढी बदललीय, म्हणून जुना निकाल नव्या गाडीला लावायचा नाही आणि नव्याचा निकाल जुन्या सेकंडहँडला लावायचा नाही. ज्या वर्षाची गाडी घेताय त्या वर्षाचा मागच्या सीटचा निकाल शोधा. हे मी फक्त तुम्हाला नाही, मुलं मागे बसतात अशा प्रत्येकाला सांगते.

रिसेलवर तुम्ही पाच रकाने खर्च केलेत. दोन्ही नावांना गिऱ्हाईक असतं. दहा वर्षांनी किंमत ठरेल ती सर्व्हिसच्या नोंदींवर आणि गाडी ठोकलेली आहे की नाही यावर. पुढे जाऊया.

टेस्ट ड्राइव्हबद्दल मात्र हट्टाने सांगते, कारण यात मी स्वतः पोळलेय. मी एक गाडी पंधरा मिनिटं चालवून घेतली होती, शोरूमच्या आजूबाजूच्या गुळगुळीत रस्त्यावर, शेजारी सेल्समन सतत बोलत होता आणि गाणी चालू. घेतल्यावर पहिल्या लांबच्या प्रवासात तासाभराने कळलं की सीटचा कमरेपाशी आलेला फुगवटा माझ्या पाठीला नेमका चुकीच्या जागी टोचतो, तो कमी करायची सोय त्या व्हेरियंटला नव्हती. सहा वर्षं मी तिथे टॉवेलची घडी घालून गाडी चालवली. गाडीत काहीही दोष नव्हता, माझी पाठ तिच्यासाठी बनलेली नव्हती एवढंच, आणि ते पंधरा मिनिटांत कळत नाही.

म्हणून दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, निदान चाळीस मिनिटं प्रत्येकी मागून घ्या. तुम्हाला जो व्हेरियंट घ्यायचाय तोच मागा, टॉपचा देऊन "सेम आहे सर" म्हटलं तर सेम नसतं, चाकं बघा. टायरची हवा तपासून घ्या, शोरूमच्या गाड्यांत बऱ्याचदा जास्तच असते आणि मग गाडी उगाच कडक वाटते. गाणी बंद. खराब रस्ता, चढ, हायवे आणि तुमच्या घराची पार्किंगची जागा, या चारही ठिकाणी न्या. ॲकॉर्डची लांबी ४९७१ मिलिमीटर आहे, कॅमरी तिच्यापेक्षा साधारण साडेपाच सेंटीमीटर कमी, तुमची आत्ताची हॅचबॅक दोन्हीपेक्षा बरीच आखूड असणार, तर आधी जागा टेपने मोजा आणि शेजारी गाडी उभी असताना मागचं दार पूर्ण उघडून मुलीला सीटमधून उचलता येतं का बघा. स्ट्रोलर घेऊन जा आणि डिकीत टाका. ॲकॉर्डची डिकी ४७३ लिटर, कॅमरीची ४२८, पण लिटरमधे स्ट्रोलर बसत नाही, तोंड किती रुंद आहे त्यावर ते ठरतं. जमलं तर एकदा अंधार पडल्यावर चालवा, स्क्रीनचा उजेड काचेत दिसतो का ते तेव्हाच कळतं.

आणि एवढं करूनही दोन्ही सारख्याच वाटल्या तर, आणि मला वाटतं थोड्याफार वाटतीलच, मग जी रोज चालवणार तिचं मत धरा आणि त्याच दिवशी बुकिंग करा. आयुष्यात एकदाच होणारी खरेदी आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तुम्ही जुनी गाडी अकरा वर्षांत बदलताय, ही पण बदलाल. मुलगी तोपर्यंत बारा-तेरा वर्षांची असेल आणि तेव्हा तुमची गरज पूर्ण वेगळी असेल. आत्ताच्या पाच-सहा वर्षांसाठी गाडी बघा, जेव्हा मागे दोन सीट बांधलेल्या असणार आहेत.

टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी कोण कुठे बसेल तेही सांगून ठेवते. दोन्ही गाड्या तुमच्या बायकोने चालवायच्या, पूर्ण चाळीस मिनिटं, तुम्ही शेजारी बसून सूचना द्यायच्या नाहीत. पुढे आई. मुलं आपापल्या सीटवर. आणि त्या दोघांच्या मधे, उंचवट्यावर पाय वळवून, तुम्ही बसायचं. एका गाडीत चाळीस मिनिटं, मग दुसरीत चाळीस मिनिटं. उतरल्यावर आधी तिला विचारा कशी वाटली, मग तुम्ही सांगा, आणि मग मला पत्र लिहा.